संग्रहालयाला टाळं लागतं तेव्हा आत काय चालतं, आणि बाहेरच्यांचं काय होतं?

मार्च 2020 मध्ये कोलशेतच्या एखाद्या शाळेत तिसरीत असलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. शाळेची सहल म्हणजे राणीची बाग हे आपल्याकडे ठरलेलं. हत्ती, पेंग्विन, डबा खाणं आणि वेळ उरला तर शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात एक चक्कर. लॉकडाऊन लागला, सगळंच बंद झालं. पुढे शाळा उघडल्या, लोकल सुरू झाल्या, राणीची बागही उघडली. संग्रहालय मात्र थेट जानेवारी 2025 मध्ये उघडलं, तोवर ही मुलगी आठवीत पोहोचली होती.

कोविड ओसरल्यावरही दार बंदच राहिलं, कारण इमारतीच्या दुरुस्तीचं काम निघालं होतं. दुरुस्ती गरजेची होती, त्यावर वाद नाही. पण मधल्या जवळपास पाच वर्षांत शाळेच्या सहलीचं वय असलेली एक अख्खी पिढी त्या दारासमोरून पुढे निघून गेली. या मुलांना ‘आपलं’ संग्रहालय असं काही असतं, हे कळायचं कसं?

संग्रहालयं जगभर अधूनमधून बंद होतात. कधी छप्पर गळतं, कधी नवी इमारत बांधायची असते, कधी साथ येते, कधी आग लागते. टाळं लागणं टाळता येत नाही. टाळं असताना लोकांशी नातं टिकवता येतं का, आणि कसं, हे आज समजून घेऊया.

आधी हे बघा, की बंद का करावं लागतं?

‘पडदा टाका, अर्ध्या भागात काम करा, अर्धं उघडं ठेवा,’ असं आपल्याला सहज वाटतं. काही ठिकाणी ते जमतंही. पण संग्रहालयाची इमारत म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. आतल्या हवेतली आर्द्रता, तापमान, प्रकाश हे सगळं वस्तूंच्या आयुष्याशी जोडलेलं असतं. कागद, कापड, जलरंगातली चित्रं यांच्यावर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू नये, असा संकेत आहे. आपल्या बैठकीच्या खोलीत संध्याकाळी असतो त्याहून हा प्रकाश मंद. आर्द्रता वर-खाली झाली की लाकूड फुगतं, आकसतं, रंगाचे पोपडे सुटतात. मुंबई-ठाण्यात जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी लागते, हे आपण दरवर्षी बघतो. तीच हवा दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशालाही लागते.

त्यात सिमेंट खरवडणं, ड्रिल, धूळ, हादरे आले की वस्तू जागेवर ठेवून काम करणं धोक्याचं होतं. मग प्रत्येक वस्तूचा फोटो काढायचा, ती कुठे तडकली आहे, कुठे रंग उडाला आहे याची नोंद करायची, क्रमांक द्यायचा, आम्लविरहित कागदात गुंडाळायची, खोक्यात ठेवायची आणि ते खोकं कुठे ठेवलं याची वेगळी नोंद करायची. घर बदलताना आपण खोक्यावर मार्करने ‘किचन’ लिहून मोकळे होतो. इथे एक खोकं चुकीच्या फळीवर गेलं, तर ती वस्तू पुढची वीस वर्षं ‘हरवलेली’ असू शकते.

म्हणजे बाहेरून बंद दिसणारं संग्रहालय आतून सर्वांत जास्त कामात असतं. अडचण एवढीच, की हे काम कुणाला दिसत नाही. बाहेर फक्त पाटी दिसते.

भायखळ्याच्या या संग्रहालयाने बेघरपण आधीच भोगलंय

भाऊ दाजी लाड संग्रहालयाची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ठाणेकरांचा तिच्याशी संबंध आहे आणि तो बहुतेकांना माहीत नाही.

मुंबईत सरकारी संग्रहालय काढायची खटपट 1850 च्या दशकात सुरू झाली. जमवलेल्या वस्तू फोर्टमधल्या बराकींत ठेवल्या होत्या. 1857 चा उठाव झाला आणि त्या बराकी सैन्याला हव्या झाल्या. संग्रह घाईघाईने टाउन हॉलमध्ये हलवावा लागला आणि त्या पळापळीत बरंच नुकसान झालं. म्हणजे मुंबईचं हे सर्वांत जुनं संग्रहालय नीट उभं राहायच्या आतच एकदा बेघर झालं होतं.

तिथून ते पुन्हा उभं राहिलं ते शहरातल्या लोकांमुळे. 1858 मध्ये जॉर्ज बर्डवूड हे संग्रहाचे प्रमुख झाले. त्यांच्यासोबत डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांनी वर्गणीतून स्वतंत्र इमारत बांधायचं मनावर घेतलं. नाना शंकरशेट हे नाव ठाण्यात ओळखीचं असायलाच हवं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या रेल्वेमागे जे लोक होते, त्यांतले ते एक. ज्या माणसाने ठाण्यापर्यंत गाडी आणण्यात हात लावला, त्यानेच भायखळ्याच्या संग्रहालयासाठीही झोळी फिरवली.

19 नोव्हेंबर 1862 ला पायाभरणी झाली. पण अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत आलेला कापसाचा पैसा 1865 मध्ये युद्ध संपताच आटला. शेअर बाजार कोसळला, वर्गणीदारच बुडाले आणि बांधकाम रखडलं. शेवटी सरकारला पैसे घालावे लागले. 2 मे 1872 ला संग्रहालय उघडलं तेव्हा नाना शंकरशेट जाऊन सात वर्षं होत आली होती. तेव्हा त्याचं नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. डॉ. भाऊ दाजींचं नाव मिळायला 1975 साल उजाडलं.

पुढे विसाव्या शतकात इमारतीची रया गेली. 2003 मध्ये मुंबई महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार केला, इमारत मुळापासून दुरुस्त केली आणि 2008 च्या जानेवारीत ती पुन्हा खुली झाली. या कामाला 2005 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. आणि मग 2020.

आता हिशोब करा. 2003 ते 2025 या बावीस वर्षांतली दहाच्या आसपास वर्षं हे संग्रहालय लोकांसाठी बंद होतं. त्यामुळे ‘बंद असताना काय करायचं’ हा प्रश्न या संग्रहालयासाठी अपवादात्मक परिस्थितीतला उरतच नाही. तो त्याच्या रोजच्या कामाचाच भाग म्हणायला हवा.

विद्यापीठाचा काय संबंध?

भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचं आहे, विद्यापीठाचं नाही. पण त्याची नाळ एका कलाशाळेशी जोडलेली आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे संग्रहालय सांभाळलं. तिथली बॉम्बे स्कूलची मातीची भांडी याच कलाशाळेच्या परंपरेतली. जे. जे. ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जे. जे. च्या स्वतःच्या संग्रहात जुन्या विद्यार्थ्यांचं इतकं काम आहे, की त्याचं कायमस्वरूपी आणि सर्वांसाठी खुलं संग्रहालय व्हावं असं चित्रकार मंडळी म्हणत असतील तर त्यात नवल नाही.

परदेशात विद्यापीठांची कलासंग्रहालयं ही मोठी गोष्ट असते. ती दुरुस्तीसाठी बंद पडतात तेव्हा त्यांच्यापुढे दुहेरी अडचण येते. एकीकडे विद्यार्थ्यांचा वर्ग बुडतो, कारण ते मूळ चित्र बघून शिकत असतात. दुसरीकडे गावातल्या लोकांचं फुकटात कला बघायचं एकमेव ठिकाण जातं.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने या अडचणीवर जे केलं ते मला सगळ्यांत जास्त आवडलं. त्यांच्या कलासंग्रहालयाची जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती आणि संग्रह एक लाखाहून जास्त वस्तूंचा. ही मंडळी गावात शिरली. अठराव्या शतकातल्या बेनब्रिज हाउस नावाच्या एका जुन्या घरात त्यांनी छोटं दालन काढलंच होतं. शिवाय डिसेंबर 2021 मध्ये हल्फिश स्ट्रीट या बाजाराच्या रस्त्यावर, दुकानांच्या रांगेत, दुसरं दालन उघडलं. म्हणजे कॉफी घ्यायला निघालेला माणूस दोन दारं पुढे जाऊन प्रदर्शन बघू शकतो. प्रवेश फुकट. काही वस्तू फिरत्या प्रदर्शनांतून दुसऱ्या शहरांत पाठवल्या. नवी इमारत 31 ऑक्टोबर 2025 ला उघडली, तीही सलग 24 तास दार उघडं ठेवून.

जे लोक कधी विद्यापीठाच्या आवारात पाऊल ठेवत नाहीत, ते बाजारात सापडतात. आवारातलं संग्रहालय कितीही खुलं म्हटलं तरी गेट, वॉचमन, ‘आपण इथे चालतो का’ हा संकोच असतोच. दुकानाच्या दारात तो नसतो. इमारत बंद पडल्यामुळे संग्रहालयाला नवे प्रेक्षक मिळू शकतात, ते असे.

येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या केंद्राने सोपा मार्ग निवडला. छप्पर आणि दिव्यांच्या कामासाठी ते 2023 ते 2025 बंद होतं, तेव्हा निवडक चित्रं रस्त्यापलीकडच्या विद्यापीठाच्याच दुसऱ्या कलादालनात लावली. हार्वर्डने 2008 ते 2013 या काळात तीन संग्रहालयांतला निवडक ऐवज एका इमारतीत मांडून ठेवला. आणि नेदरलँड्सचं राइक्सम्युझियम? 2003 मध्ये बंद केलेली मुख्य इमारत 2008 पर्यंत उघडायची होती, ती 2013 ला उघडली. उशिराचं एक कारण फार गमतीचं आहे. इमारतीखालून जाणारा सायकलचा रस्ता अरुंद करायला शहरातल्या सायकलवाल्यांनी ठाम नकार दिला! पण त्या दहा वर्षांत रेम्ब्रांटची मोठी चित्रं एका वेगळ्या विंगमध्ये लोकांना बघायला मिळत होती आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावरही संग्रहालयाचं एक छोटं दालन होतं.

विमानतळावर चित्रं लागू शकतात, तर ठाणे स्टेशनच्या पुलावर का नाही, हा प्रश्न इथे मनात आल्याशिवाय राहत नाही. (गर्दी बघता तिथे थांबून चित्र बघणाऱ्याचं काय होईल ते सोडा.)

बंद असताना पुस्तक आलं

मुंबईकडे परत येऊ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद असतानाच, 2022 मध्ये, संचालक तस्नीम झकारिया मेहता यांनी संपादित केलेलं एक इंग्रजी पुस्तक आलं. संग्रहातल्या 101 वस्तूंमधून मुंबईची गोष्ट सांगणारं. 2 मे 2022 ला इमारत खुली होण्याला 150 वर्षं झाली, तेव्हा दार बंद होतं, पण निदान पुस्तकातून त्या वस्तू घरात येऊ शकत होत्या. गूगल आर्ट्स अँड कल्चरवरही या संग्रहालयातल्या वस्तू फोनवर बघता येतात.

हे चांगलंच आहे. पण दोन गोष्टी खटकतात. एक, पुस्तक विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा संग्रहालयात आधीच जाऊन आलेला असतो. दोन, भाषा. राणीच्या बागेला येणारी गर्दी बघा, कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, दिव्याहून आलेली कुटुंबं असतात. त्यांच्यापर्यंत इंग्रजीतून किती पोहोचणार? मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांचे मातीचे छोटे पुतळे हे या संग्रहालयाचं वैशिष्ट्य आहे. कोण कसं पागोटं घालायचं, कोण काय नेसायचं, हे त्यांत दिसतं. कोलशेत, बाळकुम, ढोकाळी, मानपाडा या गावांतल्या आगरी-कोळी घरांमध्ये अशा पुतळ्यांवर चर्चा रंगेल की नाही? ‘आमची आजी अशीच नेसायची’ पासून ‘हे चुकीचं दाखवलंय’ पर्यंत! पण त्यासाठी मराठीतून, साध्या भाषेतून, दोन मिनिटांचा व्हिडिओ लागतो. इन्स्टाग्रामवर असे व्हिडिओ करणारे हौशी पोरं-पोरी आपल्याकडे भरपूर आहेत. संग्रहालयांनी त्यांना हाताशी धरायला हरकत कसली?

सरकारी पातळीवरचं काम म्हणाल तर 2014 पासून ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हे पोर्टल आहे. त्यामागचं ‘जतन’ नावाचं सॉफ्टवेअर पुण्याच्या सी-डॅकने बनवलं. मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि गोव्याचं पुरातत्त्व संग्रहालय त्यात आहेत. नोंदी मिळतात, फोटो मिळतात. गोष्ट मात्र आपली आपण शोधावी लागते.

कोविडमध्ये जगाचं काय झालं?

मे 2020 मध्ये युनेस्कोने सांगितलं, की जगातली जवळपास 90 टक्के, म्हणजे 85,000 हून जास्त संग्रहालयं बंद आहेत. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा अंदाज आणखी गंभीर होता. जवळपास 13 टक्के कदाचित पुन्हा उघडणारच नाहीत, असं ती म्हणत होती. आफ्रिकेतल्या आणि छोट्या बेट-देशांतल्या संग्रहालयांपैकी फक्त 5 टक्क्यांना लोकांसाठी काही ऑनलाइन देता आलं. ‘सगळं ऑनलाइन आलं’ हे आपल्या फोनवरून दिसलेलं चित्र होतं, सगळ्या जगाचं नव्हे.

युद्ध आलं तेव्हा संग्रहालयाचं हॉस्पिटल झालं

फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुन्या लोकांच्या तोंडचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. 1905 मध्ये पायाभरणी, वास्तुविशारद जॉर्ज विटेट, 1914 मध्ये इमारत तयार. आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. नव्या कोऱ्या इमारतीत लष्करी रुग्णालय सुरू झालं. बालकल्याणाची प्रदर्शनंही तिथे भरली. 1920 मध्ये इमारत परत मिळाली आणि 10 जानेवारी 1922 ला ती संग्रहालय म्हणून उघडली. त्याच युद्धामुळे बडोद्यात सयाजीराव महाराजांचं चित्रदालनही अडकलं. इमारत 1914 मध्ये तयार होती, पण युरोपातून यायची चित्रं लढाई संपेपर्यंत तिकडेच राहिली आणि दालन 1921 मध्ये उघडलं.

यातून माझा निष्कर्ष असा, की संग्रहालय म्हणून बंद असलेली इमारतही शहराच्या उपयोगी पडली तर लोक तिला विसरत नाहीत. 1922 मध्ये ज्यांनी त्या दारातून पाऊल टाकलं, त्यांतल्या अनेकांना ती इमारत आधीपासून माहीत असणार.

याच संग्रहालयाने 2015 पासून ‘म्युझियम ऑन व्हील्स’ नावाची बस सुरू केली. बसमध्ये काचेच्या पेट्या, प्रतिकृती, मुलांनी हाताळायच्या वस्तू आणि सोबत समजावून सांगणारी तरुण मंडळी. ही बस शाळांच्या मैदानात, गावांत जाऊन उभी राहते. ही योजना टाळेबंदीसाठी केलेली नव्हती. ज्यांना फोर्टपर्यंत येणं परवडत नाही त्यांच्यासाठी होती. पण विचार केला तर ज्याच्या घरापासून संग्रहालय दोनशे किलोमीटर लांब आहे, त्याच्यासाठी ते कायमच बंद असतं. त्यामुळे जे संग्रहालय एरवी लांबच्या माणसापर्यंत जायला शिकलंय, त्याला टाळं लागलं तरी फार नवं शिकावं लागत नाही.

आणि आग लागली तर?

2 सप्टेंबर 2018. ब्राझीलमधल्या रिओ शहरात राष्ट्रीय संग्रहालय जळालं. हेही विद्यापीठाचंच, रिओच्या फेडरल युनिव्हर्सिटीचं. दोनशे वर्षांचा संग्रह, सुमारे 2 कोटी वस्तू, त्यांतला फार मोठा भाग एका रात्रीत गेला. आगीचं मूळ एसीच्या यंत्रणेत सापडलं.

दुसऱ्या दिवसापासून रिओच्याच दुसऱ्या एका विद्यापीठातल्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं, की तुमच्याकडे संग्रहालयात काढलेले फोटो, व्हिडिओ, सेल्फी असतील तर आम्हाला पाठवा. हजारो फोटो आले. सहलीत काढलेला, मागे हाडांचा सांगाडा आणि पुढे मित्रांचे हसरे चेहरे असलेला फोटो हा अचानक पुरावा झाला. तो सांगाडा कसा होता, कुठे होता, याची नोंद आता फक्त त्या सेल्फीत उरली होती. संग्रहालयाने इमारतीबाहेरच्या बागेत तंबू ठोकून ‘संग्रहालय जिवंत आहे’ या नावाने उत्सव भरवला, संशोधकांनी वाचलेल्या वस्तू लोकांना दाखवल्या. सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीची ‘लुझिया’ नावाची कवटी राखेत गेली असं वाटलं होतं. तिचेही बरेचसे तुकडे ढिगाऱ्यात सापडले.

एवढं मोठं संकट आल्यावर लोक धावून आले, कारण त्यांना ते संग्रहालय माहीत होतं. रविवारी मुलांना घेऊन तिथे जायची त्यांची सवय होती. नातं आधी नसेल तर सेल्फी कोण पाठवणार?

तुमचं जुनं काय पडून आहे?

ही गोष्ट वाचून मला जो विचार आला तो सांगते. आपल्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये राणीच्या बागेतल्या दगडी हत्तीसमोर काढलेला फोटो असण्याची शक्यता मोठी आहे. तो हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच त्या बेटाला ‘एलिफंटा’ नाव पडलं. 1864 मध्ये त्याचे तुकडे झालेले मुंबईला आणले गेले आणि 1914 मध्ये संग्रहालयाजवळ जोडून उभे केले. 1960, 70, 80 च्या दशकांतले असे फोटो लोकांकडून गोळा केले तर इमारतीचा रंग, बाग, लोकांचे कपडे, सगळ्याची नोंद होईल. बंद संग्रहालयाला घरबसल्या करता येण्यासारखं हे काम आहे, आणि त्यात फोटो पाठवणारा प्रत्येक जण आपोआप जोडला जातो.

कोलशेतला हे कुठे लागू पडतं?

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या लोकांसाठी मोठं कलासंग्रहालय म्हणजे भायखळा किंवा फोर्ट. कोलशेतहून रिक्षा किंवा टीएमटीने ठाणे स्टेशन, तिथून लोकल. सुट्टीचा अर्धा दिवस जातो. ते बंद झालं तर जवळ दुसरा पर्याय नाही.

नाटकाचं उदाहरण घ्या. गडकरी रंगायतन नूतनीकरणासाठी बंद होतं आणि 15 ऑगस्ट 2025 ला पुन्हा उघडलं. त्या काळात ठाण्याच्या रसिकांना मानपाड्याजवळचं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह होतं. तालीम थांबली नाही, प्रयोगांची सवय तुटली नाही. चित्रं आणि मूर्तींसाठी असं ‘घाणेकर’ आपल्याकडे कुठाय?

जागा नाही म्हणायची सोय नाही. कोलशेत रोडला जिथे केमिकल कंपन्या होत्या तिथे आता टॉवर आहेत, प्रत्येक टॉवरला क्लबहाउस आहे आणि त्यातला हॉल वाढदिवस सोडले तर रिकामा असतो. फेब्रुवारी 2024 मध्ये खुलं झालेलं साडेवीस एकरांचं ग्रँड सेंट्रल पार्क इथेच आहे. रिओच्या लोकांनी बागेत तंबू ठोकला होता, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मूळ वस्तू इथे आणायला विमा, पहारा, योग्य हवा हे सगळं लागतं, ते खर्चिक आहे. पण प्रतिकृती, मोठे फोटो, बोलणारी माणसं आणि एक फिरती बस, एवढ्याला फार लागत नाही.

सोसायटीच्या कमिटीतलं कुणी हे वाचत असेल, तर शाळेच्या मुख्याध्यापकांसोबत मिळून संग्रहालयाच्या शिक्षण विभागाला पत्र लिहिणं हा साधा मार्ग आहे. मागणी शाळेकडून आली की तिचं वजन वाढतं.

बंद संग्रहालयाला काय विचारायचं?

पुढच्या वेळी एखाद्या सरकारी किंवा पालिकेच्या संग्रहालयावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी दिसली तर फोटो काढून स्टोरी टाका, हरकत नाही. पण सोबत काही प्रश्नही टाका. उघडण्याची तारीख काय ठरली आहे? वस्तू इमारतीतच आहेत की हलवल्या, आणि त्यांची शेवटची मोजणी कधी झाली? शाळांसाठी मधल्या काळात काय सोय आहे? कामाचा खर्च किती मंजूर झाला आणि किती झाला?

उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात साध्या अर्जाला 10 रुपये शुल्क, आणि नियमाप्रमाणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज मराठीत चालतो. फक्त प्रश्न नेमका विचारा. ‘काम कधी होणार’ असं मोघम विचारलं तर मोघमच उत्तर येतं. ‘कार्यादेशाची तारीख, काम पूर्ण करायची मुदत आणि दिलेली मुदतवाढ’ असं विचारलं तर कागद दाखवावे लागतात.

वस्तूंच्या मोजणीबद्दल विचारायला तर अजिबात लाजू नका. हलवाहलवीतच वस्तूंचं नुकसान होतं, हे 1857 मध्ये याच संग्रहाने अनुभवलंय.

सध्या भाऊ दाजी लाड संग्रहालय उघडं आहे. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की राणीच्या बागेपर्यंत चालत जाता येतं. बुधवारी मात्र जाऊ नका, सुट्टी असते. आणि घरात कुणी आठवी-नववीतलं असेल, तर त्यांना आधी न्या. त्यांची सहल राहून गेली होती.